मालकानं पगारवाढ नाकारली आणि हेन्री मॉडस्लेनं अख्ख्या जगाचं लेथ मशीन बदलून टाकलं

यूट्यूबवर एकदा मशीनवाले व्हिडिओ बघायची सवय लागली की सुटत नाही. त्यातला एक प्रकार हमखास समोर येतो. कुणीतरी भंगाराच्या भावात जुनं लेथ मशीन उचलून आणतं. गंज काढतं, रंग मारतं. मग डाव्या बाजूचं झाकण उघडून आतले दातेरी गिअर काढून बाजूला ठेवतं आणि त्यांच्या जागी दोन मोटारी, एक कंट्रोलर आणि घरातला जुना कॉम्प्युटर जोडतं. शेवटी बटण दाबलं की कुणी हँडलला हात न लावता मशीन आपलं आपलं बोल्टावर आटे पाडायला लागतं. खाली कमेंटचा पाऊस.

या उद्योगाला म्हणतात सीएनसी कन्व्हर्जन. जगभरात हजारो लोक हौसेपोटी हे करतात. बघताना वाटतं, सगळी कमाल कॉम्प्युटरची आहे.

पण नीट बघितलं तर कॉम्प्युटरला त्या मशीनमध्ये फार कमी गोष्टी बदलाव्या लागतात. लोखंडी बेड तोच, त्यावर सरकणारी गाडी तीच, तिला ओढणाऱ्या स्क्रूची जागा तीच. ही सगळी मांडणी सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका कारागिरानं पक्की केली. त्याचं नाव हेन्री मॉडस्ले.

बारा वर्षांचा पोरगा आणि दारूगोळ्याचा कारखाना

मॉडस्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळच्या वुलविचचा. वुलविच म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या दारूगोळ्याचं आणि तोफांचं गाव. वडील सैन्यात चाकं बनवणारे सुतार. जखमी झाल्यावर ते तिथल्याच शस्त्रागारात कोठाराच्या कामावर लागले. घरात सात भावंडं, त्यात हेन्री पाचवा. हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील गेले.

बाराव्या वर्षी पोरगा त्याच शस्त्रागारात कामाला लागला. काम काय, तर काडतुसात दारू भरायची. त्या काळात लहान मुलांना हे काम सर्रास दिलं जायचं. दोन वर्षांनी त्याला सुतारकामाच्या खात्यात टाकलं. पण त्याचा जीव लाकडात रमेना, सगळं लक्ष शेजारच्या लोहारखान्यात. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला भट्टीवर घेतलं आणि तिथून गाडी सुटली. दोन-तीन वर्षांत हातातल्या कानशीनं आणि हातोड्यानं तो असं काही काम करायला लागला की त्याचं नाव वुलविचच्या बाहेर गेलं.

न उघडणारं कुलूप

त्याच वेळी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक उद्योजक मोठ्या अडचणीत होता. १७८४ मध्ये त्यानं एका कुलपाचं पेटंट घेतलं होतं. डिझाइन इतकं भारी की चोराला ते उघडणं जवळपास अशक्य. पण भानगड अशी की ते कुलूप बनवणंही तितकंच अवघड. आतले बारीक भाग इतके अचूक हवेत की हातानं घासून बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त जायचं.

१७८९ मध्ये कुणीतरी ब्रामाला मॉडस्लेचं नाव सुचवलं. समोर आलेलं पोरगं बघून ब्रामा चाट पडला, कारण वय होतं फक्त १८. पण काम बघितलं आणि लगेच ठेवून घेतलं.

मॉडस्लेनं कुलूप तर बनवलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुलपाचे भाग बनवणारी छोटी यंत्रं तयार केली. म्हणजे कारागिराच्या हातातली अचूकता त्यानं यंत्रात नेऊन ठेवली. हीच गोष्ट तो पुढं आयुष्यभर करत राहिला.

ब्रामानं पिकॅडिली भागातल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप लावलं आणि जाहीर केलं की जो हे चावीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. ब्रामा गेला, मॉडस्ले गेला, तरी कुलूप तसंच. ते उघडलं थेट १८५१ मध्ये. ए. सी. हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञानं ते उघडलं, आणि त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास झटावं लागलं.

पगाराचा विषय

ब्रामाकडं मॉडस्ले आठ वर्षं राहिला. कारखान्याचा मुख्य माणूस झाला. ब्रामाच्या प्रसिद्ध हायड्रॉलिक प्रेसमध्ये पाण्याची गळती थांबत नव्हती, ती थांबवणारी चामड्याची वाटीसारखी सीलही मॉडस्लेचीच, असं मानलं जातं. १७९१ मध्ये त्यानं ब्रामाच्याच घरी काम करणाऱ्या सारा टिंडेलशी लग्न केलं. पोरंबाळं झाली. खर्च वाढला.

पगार होता आठवड्याला ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्यानं मालकाकडं वाढ मागितली. मालकानं साफ नकार दिला.

मॉडस्लेनं त्याच वर्षी नोकरी सोडली. ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटवर एक छोटी जागा भाड्यानं घेतली आणि स्वतःचा वर्कशॉप टाकला. पहिली ऑर्डर कसली असेल? एका चित्रकाराला चित्र ठेवायला मोठा लोखंडी स्टँड हवा होता.

याच काळात त्यानं ते मशीन बनवलं, जे आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलंय.

त्या लेथमध्ये एवढं काय होतं?

लेथ मॉडस्लेनं शोधला नाही. लेथ हजारो वर्षं जुना. काम गोल फिरवायचं आणि त्याला धारदार हत्यार लावून सोलायचं, एवढीच ती कल्पना. पण त्या काळच्या साध्या वर्कशॉपमध्ये कारागीर हत्यार हातात धरायचा. लाकडाला ते चालून जायचं. लोखंडाला हात थरथरला की काम गेलं.

आणि खरी गोची होती आट्यांची. स्क्रूचे आटे बहुतेक वेळा हातानं, अंदाजानं पाडले जायचे. त्यामुळं एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसायचा नाही. मशीन खोलताना कुठला नट कुठल्या बोल्टाचा यावर खुणा करून ठेवाव्या लागायच्या. त्या जोड्या मिसळल्या की पुढचे दोन दिवस गेले म्हणून समजा.

मॉडस्लेनं तीन गोष्टी एका मशीनमध्ये आणल्या. पहिली, लाकडी सांगाड्याऐवजी मजबूत लोखंडी बेड. दुसरी, हत्यार घट्ट पकडून सरळ रेषेत सरकणारी गाडी, म्हणजे स्लाइड रेस्ट. तिसरी, त्या गाडीला ओढणारा लांबलचक लीड स्क्रू, आणि हा स्क्रू व फिरणारं काम यांना जोडणारे गिअर.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी आधी करून बघितल्या होत्या. फ्रान्समध्ये वोकान्सोन आणि सेनो, इंग्लंडमध्ये रॅम्सडेन, त्याच सुमाराला अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सन. त्यामुळं काही पुस्तकांत मॉडस्लेला एकट्याला शोधाचं श्रेय दिलेलं असतं, ते पूर्ण खरं नाही. त्याचं मोठेपण असं की त्यानं हे सगळं अशा पद्धतीनं जुळवलं की रोजच्या कामात, कुठल्याही वर्कशॉपमध्ये ते चालावं. पुढं जगानं हीच मांडणी उचलली.

गिअरचं गणित सोपं आहे. समजा लीड स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर ६ मिलिमीटर आहे आणि तुम्हाला १.५ मिलिमीटरचे आटे पाडायचेत. मग कामाचा एक फेरा झाला की लीड स्क्रूचा पाव फेराच व्हायला हवा. २० दात्यांच्या गिअरनं ८० दात्यांचा गिअर फिरवा, झालं काम. वेगळे आटे हवे तर गिअर बदला. एका लीड स्क्रूवरून पाहिजे ते आटे.

मग कॉम्प्युटर नक्की काय बदलतो?

भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या टर्नरला विचारा. नवे आटे पाडायचे म्हटलं की पहिला वेळ जातो गिअर आणि लिव्हर लावण्यात. कन्व्हर्जनमध्ये नेमका हाच भाग जातो.

फिरणाऱ्या स्पिंडलवर एन्कोडर नावाचा सेन्सर बसतो. स्पिंडल किती फिरला, हे तो क्षणाक्षणाला सांगत राहतो. कंट्रोलर ते मोजतो आणि लीड स्क्रूच्या टोकाला बसवलेल्या मोटारीला तेवढंच फिरवतो. म्हणजे २० आणि ८० दात्यांच्या गिअरचं काम आता भागाकार करतो. १.५ च्या जागी १.७५ हवं असेल तर फक्त आकडा बदलायचा.

आटे एका फटक्यात पडत नाहीत. हत्यार पाच-दहा वेळा त्याच खाचेतून न्यावं लागतं. जुन्या मशीनवर त्यासाठी हाफ नट नेमक्या वेळी टाकायचं कसब लागतं. एन्कोडर प्रत्येक फेऱ्याला एक खास सिग्नल देतो, त्यामुळं कॉम्प्युटर दर वेळी बरोबर त्याच जागेवरून सुरुवात करतो.

मोटारही साधी नसते. हौशी लोक बहुतेकदा स्टेपर मोटार वापरतात. ती एका फेऱ्यात २०० टप्पे घेते. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूला ती थेट जोडली तर एका टप्प्यात गाडी ०.०२५ मिलिमीटर सरकते. ड्रायव्हर प्रत्येक टप्प्याचे आणखी दहा भाग करतो, म्हणजे कागदावर ०.००२५ मिलिमीटर. कागदावर यासाठी म्हटलं, कारण प्रत्यक्षात स्क्रूमधला प्ले सगळं गणित बिघडवतो.

हँडल उलटं फिरवलं की गाडी हलायच्या आधी थोडं रिकामं फिरतं, तो प्ले. अनुभवी टर्नर कायम एकाच बाजूनं येऊन तो खाऊन टाकतो. कॉम्प्युटरला ही जाण नसते. तो गोलाई काढताना मध्येच दिशा बदलतो आणि तिथं कामावर ओरखडा उठतो. म्हणून बरेच जण जुना स्क्रू काढून बॉल स्क्रू बसवतात. त्यात नट आणि स्क्रूच्या मध्ये छोटे गोळे फिरतात आणि प्ले जवळपास संपतो.

ज्यांना एवढं सगळं नको, ते फक्त इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू बसवतात. हँडल हातातच राहतं, फक्त गिअरची कटकट जाते.

पहिला अचूक स्क्रू आला कुठून?

आता मॉडस्लेची खरी अडचण लक्षात घ्या. लीड स्क्रूत चूक असेल तर ती त्या मशीनवर बनणाऱ्या प्रत्येक स्क्रूत उतरणार. मग चांगला लीड स्क्रू बनवायचा कशावर?

त्यानं एक चंद्रकोरीसारखं पातं ठरावीक तिरक्या कोनात बसवलं आणि लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या फिरत्या दांड्यावर ते टेकवलं. कोनामुळं पातं आपोआप पुढं सरकत गेलं आणि दांड्यावर सारख्या अंतराची रेघ पडत गेली. असे अनेक दांडे काढले, त्यातले चांगले निवडले, त्यावरून पोलादी स्क्रू काढले, त्यातली चूक शोधून दुरुस्त केली. त्यानं पाच फूट लांबीचा एक स्क्रू बनवला होता, ज्याला एका इंचात ५० आटे होते. त्याचा नट एक फूट लांब, म्हणजे नटातच ६०० आटे. असे स्क्रू खगोलशास्त्राच्या उपकरणांवरच्या खुणा आखायला लागायचे.

मोजायलाही तेवढंच भारी साधन हवं. त्यानं स्वतःसाठी एक मायक्रोमीटर बनवला, जो इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत वाचता यायचा. कारखान्यात मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल याच उपकरणाचा. म्हणून त्याला नाव पडलं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च न्यायाधीशाचं. शिवाय कारागिरांच्या टेबलावर तो एकदम सपाट लोखंडी पाट्या ठेवायला लावायचा. काम त्यावर घासून बघायचं, उंचवटा दिसला की तो खरवडायचा.

आजच्या कन्व्हर्जनवाल्यांनाही इथंच ठेच लागते. बेड एका बाजूला जास्त झिजलेला असेल तर मोटार कितीही महाग लावा, काम एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येणार. स्क्रूमधली ठरावीक चूक सॉफ्टवेअरमध्ये तक्ता भरून थोडीफार सांभाळता येते. झिजलेलं लोखंड सॉफ्टवेअर भरून काढत नाही.

११० जणांचं काम १० जणांनी

मॉडस्लेनं दुकानाच्या खिडकीत आपला एक स्क्रू मांडून ठेवला होता. तो बघून एक फ्रेंच माणूस आत आला आणि त्यानं नंतर आपल्या इंजिनिअर मित्राशी ओळख करून दिली, असं सांगतात. तो मित्र म्हणजे मार्क ब्रुनेल.

ब्रिटिश नौदलाला तेव्हा वर्षाला एक लाखाच्या आसपास लाकडी कप्प्या लागायच्या. शिडांचे दोर ओढायला. सगळ्या हातानं बनायच्या. ब्रुनेलनं त्या बनवणाऱ्या यंत्रांची योजना केली, नौदलाकडून सॅम्युअल बेंथमनं ती उचलून धरली आणि लोखंडात उतरवली मॉडस्लेनं. १८०२ पासून पुढच्या सहा वर्षांत त्यानं चाळीसहून जास्त यंत्रं पोर्ट्समथच्या गोदीत उभी केली. १८०८ मध्ये तिथून १,३०,००० कप्प्या निघाल्या. ज्या कामाला ११० कुशल कारागीर लागायचे, ते आता १० अकुशल माणसं करायला लागली.

या आकड्याकडं दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. नौदलाचा पैसा वाचला, कप्प्या एकसारख्या मिळाल्या, त्यातली काही यंत्रं विसाव्या शतकापर्यंत चालली. पण ज्या शंभर जणांच्या हातात ती कला होती, तिची किंमत काही वर्षांत उतरली. आणि हे घडवणारा माणूस स्वतः हाताच्या कसबावर मोठा झालेला. सीएनसी आल्यावर टर्नर लोकांच्या मनात जी भीती आली, तिची सुरुवात इथं झाली होती.

कारखाना नाही, शाळा

१८१० मध्ये कारखाना लॅम्बेथला गेला. पुढं जोशुआ फील्ड भागीदार झाला आणि मॉडस्ले, सन्स अँड फील्ड हे नाव जहाजांच्या इंजिनांसाठी गाजलं. १८२५ मध्ये इंग्लंडहून कलकत्त्याला आलेल्या एंटरप्राइज या वाफेच्या जहाजाची इंजिनं याच कारखान्याची. त्याच वर्षी थेम्स नदीच्या पोटातून बोगदा खणायचं काम सुरू झालं. तिथं मजुरांना आधार देणारी लोखंडी ढाल ब्रुनेलची आणि बनावट मॉडस्लेची.

पण त्याच्या हाताखालून गेलेली माणसं बघितली तर आणखी थक्क व्हायला होतं. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये संपूर्ण ब्रिटनसाठी आट्यांचं एक प्रमाण सुचवलं. जेम्स नॅस्मिथनं वाफेचा घण बनवला. रिचर्ड रॉबर्ट्सनं कापड गिरणीतलं सूत कातायचं यंत्र स्वयंचलित केलं. जोसेफ क्लेमंटनं चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग घडवले. बॅबेजचं हे यंत्र म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या घराण्यातला जुना पूर्वज. त्याचे भाग बनवणारा हात मॉडस्लेच्या कारखान्यात तयार झालेला होता. लेथ आणि कॉम्प्युटर यांची सोयरीक तेव्हापासूनची म्हणायची.

शेवटच्या काळात मॉडस्लेला आकाशाचं वेड लागलं. मोठी दुर्बीण स्वतः बनवायची ठरवली होती. पण जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्समधल्या मित्राला भेटून येताना समुद्रावर त्याला थंडी बाधली. महिनाभर आजारी राहून १४ फेब्रुवारी १८३१ ला तो गेला. वय ५९. वुलविचला त्याला पुरलं आणि वर ओतीव लोखंडाचं स्मारक उभं राहिलं. त्याचं डिझाइन त्यानंच करून ठेवलं होतं.

आता तुम्हालाच हात घालायचा असेल तर

मशीनला आकड्यांनी चालवायची कल्पना प्रत्यक्षात आली १९५२ मध्ये. अमेरिकेत जॉन पार्सन्सच्या कल्पनेवरून एमआयटीनं छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. तेव्हा कंट्रोलरचं धूड भलंमोठं होतं. आज तेच काम एक जुना कॉम्प्युटर आणि फुकट मिळणारं लिनक्ससीएनसी करतं. त्यामुळं हौशी माणसाच्या आवाक्यात ही गोष्ट आली.

आपल्याकडं हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा इतर जुने लेथ अजून सापडतात. घ्यायचाच तर मोटारींचे भाव काढायच्या आधी बेड बघा. गाडी चकाजवळ आणि दुसऱ्या टोकाला सारखीच घट्ट सरकते का, स्पिंडल हलतो का, स्क्रूत प्ले किती, हे तपासा. आधी हातानं चालवून एक सरळ दांडा सोला आणि दोन्ही टोकांना मापून बघा. फरक दिसला तर आधी लोखंड दुरुस्त करा.

आणि एक गोष्ट मनावर घ्या. हातानं चालणारं मशीन तुमच्याकडं बघून थांबतं, कारण हँडल तुमच्या हातात असतं. कॉम्प्युटरला समोर बोट आहे की बोल्ट, हे कळत नाही. त्यामुळं इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण सगळ्यात आधी बसवा, आणि ते सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता थेट मोटारींची वीज तोडेल असं जोडा. चकाची चावी चकात विसरायची नाही, लांब बाह्यांचा शर्ट नको, हातमोजे नकोत.

काढलेले चेंज गिअर मात्र भंगारात टाकू नका. एखाद्या दिवशी कंट्रोलर जळाला तरी २० आणि ८० दात्यांचं ते गणित चालतंच.